वरच्या मजल्यावरचा उन्हाळा

दरवर्षी पाडवा झाला की दोन गोष्टींची आवक सुरू होते. एक हापूस आणि दुसरी उन्हाळ्याचे सल्ले. हापूस परवडत नाही, सल्ले फुकट मिळतात, त्यामुळे आमच्या घरी सल्ल्यांच्याच पेट्या जास्त येतात.

माठात वाळ्याची जुडी टाका. सकाळी सब्जा भिजवून प्या. पन्हं करा, कोकम सरबत करा, ताकात जिरं घाला. सुती कपडे वापरा. खिडकीला ओला पडदा लावा. अकरा ते चार घराबाहेर पडू नका, घरात बसा. आणि शेवटी सगळ्या सल्ल्यांचा बाप: "अगं, उन्हाळा आहे, उकडणारच! आमच्या वेळी तर पंखेसुद्धा नव्हते."

यातलं बहुतेक सगळं मी करते. पन्हं मला मनापासून आवडतं, आणि फ्रिज असूनही आमच्याकडे माठ आहेच. तेव्हा पन्ह्याच्या चाहत्यांनी माझ्यावर रागावू नये. मला राग येतो तो 'घरात बसा' या दोन शब्दांचा. हे दोन शब्द बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक घर असतं. त्या घरात बाहेरून आत आलं की गार वाटतं. फरशीवर पाय टेकला की हुश्श होतं. असं घर ज्याच्याकडे आहे त्याला उन्हाळ्याबद्दल काही सांगायची गरजच नसते. आणि ज्याच्याकडे नाही त्याला हा सल्ला म्हणजे तापलेल्या तव्यावर बसून उन्हापासून स्वतःला जपा म्हटल्यासारखं आहे.

आमच्या नात्यातल्या अर्ध्या लोकांना पिंपळे गुरव नक्की कुठे आहे हे अजून माहीत नाही. "म्हणजे पिंपळे सौदागर ना?" नाही, ते शेजारी. एका बाजूला नवी सांगवी, नदीपलीकडे कासारवाडी आणि दापोडी, आणि मध्ये पवनेच्या वळणात आम्ही. बाहेरचे लोक डायनासोरच्या बागेमुळे ओळखतात. इथली वस्ती कशी झाली ते समजून घेतल्याशिवाय इथला उन्हाळा कळायचा नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले. कारखान्यांसाठी जागा, पाणी, रस्ते, वीज सगळं आखून झालं. कामगारांनी राहायचं कुठे हे आखायला १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरणही झालं, पण लोक येत राहिले आणि घरं काही त्या वेगाने झाली नाहीत. मग लोकांनी आपापली सोय पाहिली. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. कामगाराने आयुष्याची कमाई ओतून तो घेतला, त्यावर दोन खोल्या बांधल्या. पोरं मोठी झाली तेव्हा वर मजला चढवला. मग भाड्यासाठी आणखी एक. मग आणखी एक. एवढ्याशा जागेत चहूबाजूंनी मोकळी जागा सोडायची ऐपत कुणाची? शेजारच्याने भिंत उभी केली, याने तिला चिकटून आपली उभी केली. खिडक्या राहिल्या त्या पुढे आणि मागे, आणि मागची बऱ्याचदा डक्टमध्ये उघडते. सरकारने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. कागद नियमित झाले. हवा मात्र आहे तशीच राहिली.

अशा इमारतीचा सगळ्यात वरचा मजला भाड्याला सगळ्यात स्वस्त असतो. जिना जास्त, पाण्याचा दाब कमी, आणि डोक्यावर स्लॅब. आम्ही तिथे राहतो.

आता स्लॅबचं गणित. पाच-सहा इंची सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. ही उष्णता खाली उतरायला चार-पाच तास घेते. म्हणजे बाहेर ऊन टळटळीत असतं त्या एक-दोन वाजता आमचं घर अजून बरं असतं. सूर्य कलला, लोक फिरायला बाहेर पडले, रेडिओवाली "संध्याकाळची आल्हाददायक हवा" म्हणाली, की आमच्याकडे दुपार सुरू होते. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावा, इस्त्री बंद करून दहा मिनिटं झाल्यावर ती जशी लागते तसं लागतं. त्याच छताला टांगलेला पंखा ती गरम हवा इमानेइतबारे आमच्या अंगावर ढकलत असतो. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापलेली, त्यामुळे रात्री आठ वाजता थंड पाण्याचा नळ सोडला तरी बंब पेटवल्यासारखं पाणी येतं. गीझरचं बिल वाचतं एवढाच काय तो फायदा. :-)

आणि गंमत म्हणजे हे सगळं अधिकृतरीत्या घडतच नाही!

हवामान खात्याच्या हिशेबाने सपाट प्रदेशात उष्णतेची लाट यायची तर कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर हवं, किंवा मग थेट ४५ ला पोचायला हवं. पुण्याची एप्रिलची सरासरीच अडतीसच्या जवळपास. म्हणजे पारा साधारण साडेबेचाळीसच्या वर चढेपर्यंत आमच्याकडे लाट नाही, नुसता उन्हाळा. शिवाय हा पारा मोजतात तो पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, मोकळ्या मैदानात. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे, जगभर असंच मोजतात, त्याशिवाय एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येणार नाही. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात बसून ही कामं करणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदर आहे. पण तो आकडा हवेचा आहे, घराचा नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवायला नको?

रात्रीचं तर त्याहून मजेशीर. 'उष्ण रात्र' अशी एक वेगळी नोंद खात्याकडे आहे. किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त वर गेलं की ती होते. पण त्याला अट आहे: दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. दिवस एकोणचाळीसवर थांबला तर रात्र कितीही घुसमटली तरी ती उष्ण रात्र म्हणून मोजायची नाही. म्हणजे रात्रीला स्वतःच्या नावावर तक्रार करायची सोय नाही, तिने आधी दिवसाची शिफारस आणावी!

"पुण्यात पूर्वीही ऊन असायचंच की" म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. एप्रिलचा विक्रम अजूनही ३० एप्रिल १८९७ चा आहे, ४३.३ अंश. २८ एप्रिल २०१९ ला पारा त्रेचाळीसच्या घरात गेला तेव्हा केवढा गहजब झाला होता, पण तरीही तो जुना आकडा मोडला नाही. पण १८९७ चा पुणेकर रात्री कुठे झोपत होता? वाड्यात. जाड भिंती, कौलं, मधला चौक, पाठीमागे परसू. संध्याकाळी सडा घातला की अर्ध्या तासात हवा उतरायची. आजही पेपरात किमान तापमानांचा तक्ता पाहा. शिवाजीनगरचा आकडा एक असतो आणि चिंचवड, मगरपट्टा, वडगाव शेरी, कोरेगाव पार्क यांचे आकडे त्यापेक्षा काही अंशांनी चढे असतात. दुपारचं ऊन जुनंच आहे. सिमेंटने साठवून ठेवलेली ही रात्र नवी आहे, आणि शरीराला दिवसभराचा ताप उतरवायला रात्रच लागते.

आमच्या गल्लीत मराठवाड्यातली कुटुंबं भरपूर. लातूर, बीड, धाराशिव. त्यांना लोक हमखास ऐकवतात, "तुम्हाला काय, तुम्ही बेचाळीस-त्रेचाळीसची सवय असलेली माणसं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं स्लॅबपेक्षा तापतं. अहो, ती माणसं बेचाळीसमध्ये राहत होती ती माळवदाच्या घरात! दोन-दोन फूट जाडीच्या भिंती आणि लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं छत. दुपारी त्या घरात शिरलं की डोळ्यांपुढे अंधार आणि अंगाला गारवा. रात्री अंगणात नाहीतर माळवदावर बाज टाकायची. त्यांच्या अंगात काही वेगळं रक्त नाही, त्यांच्या घरात अक्कल होती. शेजारच्या मावशी एकदा म्हणाल्या, "गावाकडं ऊन लई, पर झोप लागायची. हितं ऊन कमी, पर झोप न्हाई." एवढं नेमकं मला अजून कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

"मग एसी घ्या की!" हा दुसऱ्या प्रकारचा सल्ला. हा सहसा फोनवरून येतो आणि पलीकडून एसीचा घूं घूं आवाज ऐकू येत असतो.

एसीला माझा विरोध नाही हे आधीच सांगते. घरात तान्हं बाळ आहे, म्हातारी सासू आहे, म्हणून हप्त्यावर एसी घेणाऱ्या बाईला पृथ्वीच्या तापमानवाढीवर प्रवचन देणाऱ्यांपैकी मी नाही. ते प्रवचन देणारे बहुधा गार ऑफिसातूनच देतात. पण एसी हे या गल्लीचं उत्तर होऊ शकत नाही, आणि याला कारण पैशाइतकंच भूमितीचंही आहे. दीड टनी एसी खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता उपसतो, त्यात स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालतो आणि मिळून साडेसहा-सात किलोवॉट बाहेर फेकतो. एक किलोवॉटचे सहा-सात हीटर गॅलरीत लावून ठेवावेत तसं! आता 'बाहेर' म्हणजे कुठे? मोठ्या सोसायटीत बाहेर म्हणजे आकाश. आमच्याकडे बाहेर म्हणजे समोरच्या काकूंचं स्वयंपाकघर, हातभर अंतरावर. पहिल्याने एसी लावला की दुसऱ्याची खिडकी बंद. दुसऱ्याने लावला की तिसऱ्याची. शेवटी ज्याला परवडत नाही तो सगळ्यांची उष्णता घेऊन बसतो. रोज रात्री आठ तास चालवायचा तर महिन्याला दोनशे-अडीचशे युनिटं, आणि वरच्या टप्प्यातली युनिटं महागात पडतात. देशात दहातल्या जेमतेम एका घरात एसी आहे. उरलेल्या नऊ घरांना 'घ्या की' म्हणणं हा सल्ला नाही, टाळणं आहे.

बरं, कूलर? कूलर खरोखर छान यंत्र आहे. पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत तो मस्त चालतो. मेअखेरीस हवेत दमटपणा आला की मात्र नुसता ओलसर वारा. पण कूलरला पाणी लागतं आणि हवा बाहेर पडायला उघडी खिडकी लागते. पाण्याचं म्हणाल तर पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झालं. धरण भरलेलं असतानाच्या त्या निर्णयानंतर कितीतरी पावसाळे येऊन गेले. पिंपात साठवलेलं पाणी धुण्याला पुरवायचं की कूलरला पाजायचं?

आणि खिडकी. पवनेत हिवाळा संपता संपता जलपर्णी पसरते. मार्च-एप्रिलमध्ये नदी बघायला गेलात तर नदीच्या जागी हिरवं मैदान दिसेल. गाईगुरं चरायला सोडावीत असं. वरून सुंदर, पण त्याखाली सांडपाणी मिसळलेलं थांबलेलं पाणी. संध्याकाळी सहाला डासांची शिफ्ट सुरू होते. म्हणजे ज्या वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार होते, नेमक्या त्याच वेळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. जलपर्णी काढणं हा आरोग्य खात्याचा, नदी सुधारणेचा विषय समजला जातो. तो उन्हाळ्याचाही विषय आहे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

राहिली गच्ची. "आम्ही लहानपणी गच्चीवर झोपायचो, काय मजा यायची!" यायचीच. आता गच्चीला कुलूप असतं. वर टाक्या, सोलर, केबलची जाळी, कुठे मोबाईलचा टॉवर. किल्ली मालकांकडे. आणि कुलूप नसलं तरी गच्चीवर झोपायचं ते पुरुषांनी आणि पोरांनी. चार बिऱ्हाडांच्या सामायिक गच्चीवर बायकांनी कसं झोपायचं, हा प्रश्न त्या गोड आठवणी सांगणाऱ्यांना पडलेला मी पाहिला नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकघराबद्दल बोलते. घरातली सगळ्यात गरम जागा तीच, आणि पोळ्या करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर ज्योत फडफडते. संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे स्लॅब ऐन भरात असताना, दोन बर्नर पेटवून, पंखा बंद करून बाई उभी असते. उष्णतेच्या बातम्यांत रस्त्यावरचा मजूर दिसतो, ट्रॅफिक पोलीस दिसतो, आणि ते दिसलेच पाहिजेत. पोळ्या लाटणारी बाई मात्र कुणाला दिसत नाही, कारण ती 'घरात बसलेली' असते!

आणखी एक माणूस दिसत नाही. थर्ड शिफ्टवाला. रात्रभर काम करून सकाळी घरी येतो, नऊला आडवा होतो, आणि दुपारच्या दोनला घामाच्या थारोळ्यात उठून बसतो. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत असेल तर बाराच्या आतच. पुन्हा रात्री मशीनसमोर उभं राहायचं असतं. प्रेसवर, लेथवर अर्धवट झोपेत हात जातो तेव्हा त्या अपघाताच्या कागदावर 'हलगर्जीपणा' लिहितात. पत्रा लिहीत नाहीत.

याच पट्ट्यातल्या मोटारींच्या पेंट शॉपमध्ये हवेचं तापमान आणि दमटपणा काट्यावर सांभाळतात, नाहीतर रंग नीट बसत नाही. त्यात गैर काही नाही, धंद्याची ती गरजच आहे. पण गाडीच्या पत्र्याला जी काळजी मिळते ती तो पत्रा रंगवणाऱ्याला झोपेत मिळत नाही, एवढं तरी मान्य करू या.

आणि ही काळजी आपल्या कायद्याला अगदीच नवी नव्हती, हे विशेष. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या मूळ कलम १३ मध्ये स्पष्ट होतं की कामाच्या जागेच्या भिंती आणि छत अशा सामानाचं आणि अशा रचनेचं असावं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील. ते कमी करायचे उपायसुद्धा सांगितले होते: छताला नि भिंतींना चुना देणं, पाणी मारणं, छत उंच करणं, दुहेरी छप्पर घालून मध्ये हवा खेळती ठेवणं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षात, एसीचं नावही इथे फारसं कुणाला माहीत नसताना! म्हणजे छताला पांढरं केलं की आतला माणूस वाचतो ही गोष्ट या देशाला तेव्हापासून ठाऊक आहे. फक्त ती आठ तासांच्या माणसाला लागू झाली. त्याच माणसाचे उरलेले सोळा तास कुठल्या छताखाली जातात, हा प्रश्न कायद्याच्या फाटकाबाहेर राहिला.

घरांसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली इको-निवास संहिता आणली. तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची कमाल मर्यादा घालून दिली आहे. साधा उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो. फार चांगली संहिता. पण ती पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटसाठी. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आमची अख्खी गल्ली एक-दोन गुंठ्यांची! ज्यांना एसी परवडतो त्यांच्या छतासाठी नियम, आणि ज्यांना परवडत नाही ते नियमासाठी फार लहान.

आणि आम्ही काही दुर्लक्षित खेडंही नाही बरं का. २०१७ साली पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी योजनेत आलं तेव्हा खास विकासासाठी निवडलेला भाग कोणता होता? पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर! रस्ते झाले, रुंद फुटपाथ झाले, सायकल ट्रॅक झाले. फुटपाथ चांगले आहेत, मी रोज वापरते. पण सबंध स्मार्टपणा जमिनीवर झाला. कुणी मान वर करून गच्च्यांकडे पाहिलं नाही. वरून विमानातून पाहिलं तर हे शहर म्हणजे करड्या रंगाच्या तव्यांची रास दिसेल.

वरच्या मजल्याचं हे रडगाणं फक्त आमचं नाही. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेने सातशेवर माणसं गेली. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार. दोन्हीकडे नंतर शोध घेतला तेव्हा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत एक गोष्ट समान निघाली: सगळ्यात वरच्या मजल्यावर, छताखाली राहणं. पॅरिसमध्ये जस्ताच्या पत्र्याखालच्या त्या खोल्या मुळात मोलकरणींसाठी बांधलेल्या. जग कुठेही जा, छताखालची खोली गरिबालाच मिळते.

आणि पारा चाळिशीच्या आत असला म्हणजे सगळं ठीक, असं ज्यांना वाटतं त्यांनी १६ एप्रिल २०२३ आठवावा. खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषणचा सोहळा. जवळच्या केंद्रावर तापमान अडतीसच्या आसपास होतं. चौदा माणसं गेली. हवा, दमटपणा, गर्दी, सावली नसणं, तासन् तास बसून राहणं, हे सगळं मिळून माणूस मरतो. पारा त्यातला फक्त एक साक्षीदार. तिथे कॅमेरे होते म्हणून आकडा तरी कळला. आपल्या घरात रात्री तिसऱ्या मजल्यावर एखाद्या आजोबांचं हृदय बंद पडतं तेव्हा दाखल्यावर 'हृदयविकार' येतो. स्लॅबचं नाव येत नाही.

तर मग करायचं काय? नुसती चिडचिड करून पोस्ट संपवली तर मीही सल्लेवाल्यांइतकीच निरुपयोगी.

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यांनी डोकं धरून बसण्याऐवजी २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. पुढे झोपडपट्ट्यांतल्या छतांना पांढरा रंग द्यायला सुरुवात केली. तेलंगणाने २०२३ साली थेट गार छपरांचं धोरणच जाहीर केलं. पांढऱ्या गच्चीमुळे आतलं तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत उतरतं. चुना धुळीने मळतो, पावसात जातो, दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हे कबूल. पण एका गुंठ्याच्या गच्चीला चुना द्यायला बऱ्यापैकी मोबाईलपेक्षा कमी खर्च येतो. ज्यांना टिकाऊ हवं त्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करावं, आपल्याकडचे जुने गवंडी ते डोळे मिटून करतात.

मग होत का नाही? माझ्या मते याचं उत्तर एका वाक्यात आहे. ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे त्याच्या हातात गच्चीची किल्ली नाही. मालक तळमजल्यावर राहतो. त्याच्या डोक्यावर तीन बिऱ्हाडांची सावली आहे. त्याच्यासाठी गच्ची म्हणजे गळती. आमच्यासाठी गच्ची म्हणजे झोप. मागच्या वर्षी आम्ही आमच्या खर्चाने चुना लावायची परवानगी मागितली, तर उत्तर आलं, "चुना लावायला आमचीच गच्ची सापडली का?" विनोद चांगला होता, मीसुद्धा हसले. गच्ची अजून काळीच आहे. मालक वाईट माणूस नाही. त्याला उकडत नाही, एवढंच.

म्हणून ही गोष्ट मालकांच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. नवीन बांधकामाला पावसाचं पाणी जिरवायची आणि सोलर हीटर बसवायची अट घालता येते, तर एका गुंठ्याच्या इमारतीलासुद्धा पांढऱ्या गच्चीची अट घालता येईल. जुन्या इमारतींना मालमत्ता करात थोडी सूट द्या, बघा पुढच्या फेब्रुवारीत गवंडी मिळेनासे होतील. जलपर्णी डास झाल्यावर काढण्याऐवजी ती पसरायच्या आधी काढा. आणि शहराचा उष्णतेचा आराखडा करताना शंभर घरांत, वरच्या मजल्यावर, रात्री अकराला तापमान मोजा. फक्त शंभर घरांत. तो आकडा एकदा पेपरात छापून आला की 'लाट आहे की नाही' हा वाद आपोआप संपेल.

हे सगळं होईल तेव्हा होईल. पण हे वाचणाऱ्या आमच्या नात्यातल्या मंडळींपैकी निदान चौघांची घरं भाड्याने दिलेली आहेत, हे मला चांगलं माहीत आहे. दोघांची तर पिंपरी-चिंचवडमध्येच. त्यांच्यासाठी माझा एक सल्ला आहे, फुकट आहे, हापूसच्या पेटीबरोबर ठेवून द्या. यंदा भाडेकरूला काही सांगू नका. गच्चीला चुना देऊन टाका. पन्हं आमचं आम्ही करून घेऊ.